जीप उंच करावी, पण किती?

बालाघाट डोंगररांगेतील धारूरच्या घाटालगत खडकाळ वाटांवर दगड जीपच्या पोटाला घासतात. मोठे टायर लावून आणि स्प्रिंगचे पाटे उंचावून जीप वर घेता येते. पण किती?

समजा, 70 सेंमी व्यासाचे टायर काढून 80 सेंमीचे लावले. आस त्रिज्येतील फरकाइतका, म्हणजे 5 सेंमी वर जातो. टायरचा माथा मात्र 10 सेंमी चढून मडगार्डच्या 5 सेंमी जवळ येतो. तेवढी जागा परत मिळवण्यास गाडी पाट्यांवर 5 सेंमी उचलणे पुरेसे आहे. त्याहून अधिक उचलली, तरी आस तसूभरही वर येत नाही. आसावरील डिफरन्शियल दगडावर आपटायचे ते आपटतेच!

वर चढतो तो गुरुत्वमध्य. डाव्या-उजव्या चाकांत 140 सेंमी अंतर आणि गुरुत्वमध्य 70 सेंमीवर असेल, तर 45 अंशांच्या आडव्या उतारावर त्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकापाशी पोचतो. त्यापुढे गाडी उलटते. गुरुत्वमध्य 79 सेंमीवर गेला, की ही मर्यादा सुमारे 41½ अंशांवर येते. स्प्रिंग दबत असल्याने प्रत्यक्षात ती आणखी कमी असते.

दुसरी फसगत वेगाची. वेगमापक चाकाचे फेरे मोजतो. घाटात काटा ताशी 35 किमी दाखवील, तेव्हा खरा वेग 40 असेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 31 टक्क्यांनी वाढलेली. ब्रेक मात्र जुनेच!

म्हणून आधी टायर ठरवावा. पाटे तो मोकळा फिरण्यापुरतेच उंचवावेत. आणि त्याहीआधी मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 पाहावे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना ते मनाई करते.