बेल्ट बदलला, तरी कुईकुई थांबेना

पिकअपच्या बॉनेटखालून कुईकुई सुरू झाली की पहिला बळी बहुधा बेल्टचा जातो. नवा बेल्ट बसतो, गाडी चार दिवस गप्प राहते आणि माल भरून घाट चढताना पुन्हा तोच सूर. ओरडत असते ती पुष्कळदा आयडलर पुली. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, स्टिअरिंग पंप यांच्या पुल्या आपापलं यंत्र चालवतात. आयडलर नुसतीच बेल्टला वळण देते. पण आकाराने लहान, म्हणून फिरते जोरात. क्रँक पुली १५० मिलिमीटरची आणि आयडलर ७५ ची असेल, तर इंजिनाच्या २००० फेऱ्यांना हिच्या ४००० होतात. त्यात धूळ, चिखल आणि इंजिनाची धग. आतलं ग्रीस आटतं.

आधी खात्री करायची. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांवर बाटलीने थोडं पाणी उडवायचं. हात, बाह्या, गळ्यातला रुमाल लांब ठेवायचा. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्टला ताण कमी पडतोय. काहीच फरक नसेल तर संशय बेअरिंगवर.

मग इंजिन थंड होऊ द्यायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि बेल्ट कुठून कसा गेलाय याचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. हा फोटो आळसाने टाळू नये. तोच बेल्ट परत घालायचा असेल तर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढून ठेवावा.

आपोआप ताण देणाऱ्या टेन्शनरला पाना लावण्यासाठी चौकोनी भोक किंवा षटकोनी डोकं असतं. लांब दांड्याचा पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध हळूहळू फिरवायचं, गुळगुळीत पुलीवरून बेल्ट सरकवायचा आणि पाना तितक्याच हळू मागे आणायचा. मध्येच सोडला तर बोटं चेचतात.

आता खरी परीक्षा. एकेक पुली हाताने फिरवून आणि हलवून बघायची. धड आयडलर ग्रीसच्या जडपणामुळे फेरी-दोन फेऱ्यांत थांबते. टिचकी मारली की भिरभिरत राहणारी पुली अनेकांना ‘मोकळी’ म्हणून चांगली वाटते. तिचंच ग्रीस संपलेलं असतं. खरखर लागली किंवा पुली डगडगली, तरी ती बादच. बेल्ट निघालाच आहे, तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवून घ्यावेत.

बोल्ट सोडवताना जोर लावण्याआधी आटे सुलटे की उलटे ते पाहायचं. काही टेन्शनर पुल्यांना उलटे आटे असतात. वायसर, बुश, धूळटोपी ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडायची. नवी पुली जुनीशेजारी धरून व्यास, रुंदी आणि बेअरिंगची खोली जुळवायची.

फक्त बेअरिंग बदलून काम भागतं का? बऱ्याच आयडलरमध्ये ६२०३ नंबरचं असतं: आतून १७, बाहेरून ४० आणि रुंदीला १२ मिलिमीटर. पुली लोखंडी आणि धड असेल तर प्रेसवर नवं बसवायला हरकत नाही; मात्र दाब बाहेरच्या रिंगवर यायला हवा, आणि दोन्हीकडे रबरी सील असलेलंच घ्यावं. प्लास्टिकच्या, झिजून चर पडलेल्या पुलीत नवं बेअरिंग ठोकणं मला पटत नाही. त्यात वाचतं थोडं आणि वाटेत बेल्ट उडाला की बॅटरी चार्ज होत नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिनही तापतं.

बोल्ट आधी हाताने आट्यांत घ्यायचा, मग मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच टॉर्क रेंचने आवळायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधले आटे जास्त जोराने सहज जातात. बेल्ट घातल्यावर प्रत्येक खाच बसल्याची बोटाने खात्री करायची, खालच्या न दिसणाऱ्या पुल्यांवरसुद्धा. क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवून पुन्हा पाहायचं आणि मगच स्टार्टर मारायचा.

टेन्शनरचा दांडा आयडलिंगला थडथडत असेल तर त्याचाही नंबर लागला आहे. चार-सहा भरलेल्या खेपांनंतर बॉनेट उघडावं. पुलीभोवती रबराची काळी पूड दिसली, तर ती तिरकी बसली आहे. मागचं वायसर कापडावरच राहिलं का, ते आधी शोधायचं.