हृदयात बसणारी सबमर्सिबल

बोअरमधली मोटर कशी चालते, हे धाराशिवच्या पोरांना कुणी शिकवायला नको. आता तशीच एक मोटर, पण पेन्सिलीहून बारीक, जांघेतल्या धमनीतून सरकवत थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेलेली डोळ्यांसमोर आणा. तिचं नाव इम्पेला. आतलं रक्त ओढायचं आणि महाधमनीत सोडायचं, एवढंच तिचं काम.

तुलना ओढूनताणून केलेली नाही बरं का! डॉ. रिचर्ड वॅम्पलर 1976 साली इजिप्तमध्ये होते. तिथल्या खेड्यात स्क्रू फिरवून पाणी उपसताना त्यांनी पाहिलं आणि डोक्यात हृदयाचा पंप आला. त्यांचा हेमोपंप 1988 मध्ये माणसात वापरला गेला. इम्पेला त्याच कल्पनेची पुढची पिढी.

ही लागते कुणाला? मोठ्या अटॅकनंतर कधी कधी हृदय इतकं दमतं की बीपी टिकत नाही. हातपाय गार, अंगाला घाम, लघवी कमी, माणूस बरळायला लागतो. हा कार्डिओजेनिक शॉक. तरुणांमध्ये व्हायरल आजारानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊनही हे होऊ शकतं. तिथे काही दिवस निभावले तर हृदय पुष्कळदा सावरतं. औषधं दमलेल्या बैलाला चाबूक मारतात, मशीन जू स्वतःच्या खांद्यावर घेतं.

पण मशीन आलं म्हणजे जीव वाचला, असं नाही. 1967 पासून वापरात असलेला बलून पंप घ्या. महाधमनीत हेलियमचा फुगा ठोक्याच्या तालावर फुगतो, मिटतो. अटॅकनंतरच्या शॉकमध्ये तो वर्षानुवर्षं वापरला गेला, आणि 2012 साली जर्मनीत 600 पेशंटवर तपासलं तर मृत्यू काही कमी झाले नव्हते. कोरोनात नाव ऐकलेलं एक्मो 2023 मध्ये तसंच निघालं. इम्पेलाने मात्र 2024 च्या अभ्यासात सहा महिन्यांतले मृत्यू 58.5 टक्क्यांवरून 45.8 वर आणले. तेही निवडक पेशंटमध्ये, आणि रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा अडणं हे त्रास वाढवून.

खर्च लाखांत, आणि सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या कॅथलॅबमध्ये. तुळजापूरहून सोलापूर गाठायलाच 45 किलोमीटर. परंडा, भूम, कळंबचं तुम्हीच मोजा. म्हणून आपल्याकडे खरी लढाई शॉकच्या आधीची आहे. बंद पडलेली नस लवकर उघडली, तर पुष्कळांना हा पंप लागतच नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यासाठीच असतं, पण ते द्यायचं की नाही हे ईसीजी बघितल्याशिवाय ठरत नाही.

आणि आपल्या घरात काय होतं? वडिलांच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तरी ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा प्यायचा आणि सकाळची वाट बघायची. घरात फोन हाताळणारे तुम्ही आहात. अशा वेळी बाइकवर मधे बसवून नेऊ नका, 108 लावा. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. नाही निघाला, तर काउंटरवर जाऊन मागा.