स्पोर्ट्‌स मोटारीची स्प्रिंग किती कडक असावी?

वेगवान मोटार म्हटली की ती कडकच असली पाहिजे, असा एक समज रूढ आहे. शर्यतीची मोटार दगडासारखी ताठ असते. तेव्हा आपल्या स्पोर्ट्‌स मोटारीलाही तशाच कडक स्प्रिंगा बसविल्या की तीही वळणावर तशीच चिकटून राहील, असा तर्क पुष्कळजण करतात. वरवर पाहता तो पटण्यासारखा आहे. परंतु रोजच्या रस्त्यावर, विशेषतः ओल्या आणि उखडलेल्या वळणावर, हाच तर्क जिवावर बेतू शकतो. म्हणून रस्त्यावर चालवावयाच्या स्पोर्ट्‌स मोटारीची स्प्रिंग कशी निवडावी, याचा आज विचार करू.

स्प्रिंग ही केवळ बसणाराच्या सुखासाठी असते, असे नव्हे. मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांतून. वेग घेणे, थांबणे, वळणे ही सारी कामे त्या चार ठशांनाच करावी लागतात. रस्ता उंचसखल असतो. चाक त्याच्याबरोबर वरखाली झाले, तरच टायर जमिनीला टेकून राहतो. स्प्रिंग फाजील कडक असली म्हणजे उंचवट्यावर चाक एकटे वर न जाता साऱ्या मोटारीलाच वर उडविते, आणि पलीकडच्या खळग्यात टायर क्षणभर अधांतरी राहतो. अधांतरी टायरला पकड कोठून असणार?

आता मोजमापाकडे वळू. स्प्रिंगचा दाब आणि तिचे दबणे ही प्रमाणात असतात, हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली विशद केला. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास जितके किलो वजन लागते, तितका तिचा कडकपणा. परंतु हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. जी स्प्रिंग जड मोटारीखाली मऊ, तीच हलक्या मोटारीखाली कडक ठरते. म्हणून जाणते अभियंते आधी स्प्रिंग निवडीत नाहीत. मोटारीचा देह सेकंदाला किती वेळा वरखाली डोलावा, हे आधी ठरवितात. याला कंपनसंख्या म्हणू.

कंपनसंख्येचा संबंध मोटारीच्या भाराने स्प्रिंग किती बसते याच्याशी आहे. चाकाशी मोजता मोटार आपल्या भाराने सुमारे २५० मिलिमीटर बसली, तर ती सेकंदाला एकदा डोलते. ११० मिलिमीटर बसली तर दीड वेळा. ६२ बसली तर दोन वेळा. आणि केवळ २८ बसली तर तीन वेळा. कंपनसंख्या दुप्पट करावयाची तर कडकपणा चौपट करावा लागतो, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ढोबळ मानाने, आरामाच्या मोटारीची कंपनसंख्या एक ते दीड असते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स मोटारीला दीड ते दोन पुरे. काही शर्यतीच्या मोटारी तीन ते पाच, क्वचित त्याहूनही वर जातात. पण त्याला कारण आहे. त्यांच्या पंखांवरून व तळाखालून वाहणारी हवा त्यांना प्रचंड जोराने खाली दाबीत असते. मऊ स्प्रिंगा असत्या तर त्यांचा तळ जमिनीला घासला असता. शिवाय त्यांचा मार्ग गुळगुळीत असतो. आपल्या मोटारीला ना तो वाऱ्याचा दाब, ना तो मार्ग. कारण नसताना परिणामाचे अनुकरण करण्यात शहाणपण नाही.

एक उदाहरण घेऊ. स्प्रिंगांवर तोललेले वजन प्रत्येक चाकामागे २५० किलो आहे असे धरा. दीड कंपनांसाठी चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे सव्वादोन किलोंचा कडकपणा लागेल. दोन कंपनांसाठी चार किलोंचा. परंतु बहुतेक मोटारींत स्प्रिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्यावर, चाकापासून काही अंतरावर, बसविलेली असते. चाक १० मिलिमीटर उचलले असता ती ७ मिलिमीटरच दबते असे समजा. मग ती कमी दबल्यामुळे तिचा जोर घटतो, आणि तो जोर तरफेने चाकापर्यंत पोचताना पुन्हा घटतो. सातदशांशाला सातदशांशाने गुणले की जवळजवळ निम्मे उरते. म्हणजे सव्वादोन किलोंसाठी स्प्रिंग मात्र सुमारे साडेचार किलोंची घ्यावी लागेल. एका मोटारीच्या स्प्रिंगचा आकडा दुसरीला तसाच लावणारे फसतात, ते येथे.

पुढची स्प्रिंग आणि मागची स्प्रिंग यांचेही नाते असते. १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीत मॉरिस ऑली या अभियंत्याने या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागच्याला नंतर. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, सव्वादोन मीटर चाकांतराच्या मोटारीत हे अंतर सेकंदाच्या नवव्या हिश्शाइतके पडते. मागची कंपनसंख्या किंचित अधिक ठेवली, तर मागची बाजू ती उशीर भरून काढते, आणि मोटार घोड्यासारखी पुढेमागे न डुलता सपाट चालते. वळणावर मात्र निराळा विचार करावा लागतो : मागची बाजू प्रमाणाबाहेर कडक केली तर मागची चाके आधी निसटतात, आणि नवख्या हाताला ते सावरणे कठीण जाते.

मग वळणावर मोटार फार कलते, तिचे काय? त्यासाठी दोन्ही बाजूंची चाके जोडणारा पिळाचा दांडा असतो. दोन्ही चाके एकदम उचलली तर तो स्वस्थ राहतो. मोटार एका बाजूला कलू लागली म्हणजेच तो विरोध करतो. आणि उसळी जिरविणे हे शॉक अब्सॉर्बरचे काम आहे. स्प्रिंग बदलून तो जुनाच ठेवला, तर नव्या स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही.

मोटार बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापण्याची एक चाल आहे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते, आणि चाकाला वर जाण्यास जागाही कमी उरते. भर वळणात मोटार तळाच्या रबरी ठोकळ्यावर आदळली, तर त्या चाकावरचा भार एकाएकी वाढतो आणि पकड सुटते.

१९६२ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची एलान ही मोटार निघाली. वजन सातशे किलोंहून कमी, स्प्रिंगा मऊ, चाकांना वरखाली होण्यास भरपूर वाव. आणि तरीही वळणावरील चपळाईत ती आजही आदर्श मानली जाते. तेव्हा आपण आधी मोटारीचे वजन करावे, तरफेचे प्रमाण मोजावे, कंपनसंख्या ठरवावी, आणि मगच स्प्रिंग विकत घ्यावी. मोटार कलू न देणारी सर्वांत मऊ स्प्रिंग नव्हे, की दुकानातील सर्वांत कडक स्प्रिंगही नव्हे. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चारही टायर जमिनीला धरून ठेवील, तीच खरी योग्य स्प्रिंग होय.