‘डीफॉल्ट’ नेटवर्क सुरू का होत नाही?

लिनक्सवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट बसवलं, व्हर्च्युअल मशीन तयार केलं, सुरू करायला गेलं की पाटी येते: ‘डीफॉल्ट’ नेटवर्क सक्रिय नाही. नवखा माणूस लगेच मशीनच्या सेटिंगमध्ये शिरतो. नेटवर्क कार्डाचा प्रकार बदलतो, मॅक पत्ता बदलतो, कधी मशीनच पुसून पुन्हा बनवतो. मी मात्र अशा वेळी मशीनला हात लावत नाही. ते अजून उठलेलंच नसतं. बिघाड त्याच्या बाहेर, होस्टवर असतो.

टर्मिनलवर आधी ‘सुडो विर्श नेट-लिस्ट --ऑल’. डीफॉल्ट यादीत दिसतं, पुढे ‘इनॅक्टिव्ह’. म्हणजे व्याख्या शाबूत आहे, नेटवर्क चालू नाही एवढंच. ‘--ऑल’ राहिलं तर बंद नेटवर्कं यादीत येत नाहीत. सुडो राहिलं तर विर्श सहसा त्या वापरकर्त्याच्या वेगळ्या सत्रात बघतं. दोन्ही वेळा यादी रिकामी दिसते आणि नेटवर्क उडालं असा भलताच समज होतो. मग ‘नेट-स्टार्ट डीफॉल्ट’. आता कामाचा निरोप मिळतो: वापरण्याजोगा फायरवॉल बॅकएंड सापडला नाही.

लिबव्हर्ट इथे मुकादम आहे; बरंचसं काम तो इतरांकडून करून घेतो. कर्नलकडून ‘व्हिरबीआर०’ नावाचा पूल उभा करून त्याला सहसा १९२.१६८.१२२.१ हा पत्ता देतो. मशीनला बाहेरच्या जगात पोहोचवणारे नॅटचे नियम आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्सकरवी लिहितो. मशीनांना २ ते २५४ मधला पत्ता देणं आणि त्यांच्या डीएनएसच्या चौकशांना उत्तर देणं हे काम डीएनएसमास्कचं. यांतला एक जरी गैरहजर असला तर नेटवर्क उभं राहत नाही.

फायरवॉलच्या निरोपात एक मेख असते. आयपीटेबल्स बसवलेलं दिसतं, तरी तक्रार कायम. लिबव्हर्टच्या जुन्या आवृत्त्या आयपीटेबल्स, आयपी६टेबल्स आणि ईबीटेबल्स या तिन्ही आज्ञा शोधतात. एक जरी सापडली नाही तरी सगळा बॅकएंड बाद. बहुतेक वेळा गायब असतं ते ईबीटेबल्स. २०२४च्या १०.४ आवृत्तीपासून लिबव्हर्टला थेट एनएफटेबल्सही चालतं. म्हणून पॅकेजच्या नावावर विसंबू नये; प्रत्येक आज्ञा होस्टवर खरंच आहे का, हे ‘व्हिच’ लावून पाहावं.

जी आज्ञा सापडत नाही तिचं पॅकेज बसवून लिबव्हर्टची सेवा पुन्हा सुरू करायची. डिमन सुरू होतानाच आपली साधनं तपासतो, त्यामुळे मागाहून आलेलं साधन त्याला आपोआप कळेलच असं नाही. चालू मशीनं यात बंद पडत नाहीत. ती चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या प्रक्रिया डिमनपासून वेगळ्या असतात. पुन्हा ‘नेट-स्टार्ट’ दिलं की पुष्कळदा दुसरा निरोप येतो: डीएनएसमास्क सापडत नाही. उपाय तोच, पण डेबियन-उबुंटूवर ‘डीएनएसमास्क-बेस’ घ्यावं. पूर्ण पॅकेज स्वतःची सेवाही सुरू करतं, ती ५३ क्रमांकाचं पोर्ट अडवते आणि नवाच तंटा उभा राहतो.

ही साधनं मुळात का येत नाहीत? वितरणं ती सक्तीची मानत नाहीत. लिबव्हर्ट नॅटशिवायही चालतं, सर्व्हरवाले स्वतःचा पूल वापरतात. मग आर्चमध्ये डीएनएसमास्क ऐच्छिक राहतं आणि डेबियनमध्ये शिफारशीत. ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावून डिस्क वाचवणाऱ्याच्या हातून नेमकं तेच सुटतं.

शेवटी खातरजमा. व्हिरबीआर० ‘डाउन’ दिसला तरी घाबरू नये. एकही मशीन जोडलेलं नसेल तर तो तसाच दिसतो. मशीन सुरू करून ‘नेट-डीएचसीपी-लीजेस डीफॉल्ट’ पाहावं. ५२:५४:०० ने सुरू होणाऱ्या मॅकसमोर १२२च्या मालिकेतला पत्ता आला, की काम झालं. ‘नेट-ऑटोस्टार्ट’ तेव्हाच लावून टाकावं, नाहीतर होस्ट रीबूट झाल्यावर तीच पाटी परत.

सेटिंग बदलण्याआधी ‘जर्नलसीटीएल’मध्ये लिबव्हर्टच्या नोंदी वाचा. कोण गैरहजर आहे, हे तिथे बहुतेक वेळा नावानिशी लिहिलेलं असतं. आणि जे बसवलं ते सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये त्याच दिवशी टाका. पुढचं होस्ट उभारणाऱ्याला हा शोध पुन्हा घ्यावा लागू नये.