गाव हललं, चर्च तिथंच राहिलं

परिसराचा इतिहास शिकवताना वर्गात हमखास प्रश्न येतो, "बाई, अंधेरीत कुठे गाव होतं?" तेव्हा मी कोंडिविट्याची गोष्ट सांगते.

आज अंधेरी पूर्वेला जिथे सीप्झच्या कंपन्या आहेत, तिथे पूर्वी गाव होतं. १५७९ मध्ये पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी तिथे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च बांधलं. इथले जुने ख्रिस्ती रहिवासी म्हणजे आजचे ईस्ट इंडियन. त्यांची घरची बोली मराठीच!

१८४० मध्ये गावात साथ पसरली आणि लोकांनी जवळच्या मरोळला मुक्काम हलवला. जाताना चर्चमधल्या मूर्ती, सामान, एवढंच काय, खांबसुद्धा नेले. ते मरोळच्या नव्या चर्चमध्ये बसवले. मागे राहिल्या त्या भिंती. १९७३ मध्ये ही जागा एमआयडीसीकडे आणि पुढे सीप्झकडे गेली. आता ते अवशेष कुंपणाच्या आत आहेत, एरवी सहज जाता येत नाही. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते, तेव्हा जुन्या गावाशी नातं सांगणारी माणसं एकत्र येतात.

मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: आपलं गाव सोडावं लागलं, तर सोबत काय न्याल? कुणी देव्हारा म्हणेल, कुणी आजीचा फोटो. मग खांब नेणारे गावकरी त्यांना आपोआप कळतात.

पालकांनो, इतिहास फक्त किल्ल्यांवर नसतो. आपल्या पाड्याचं, गावठाणाचं जुनं नाव आजी-आजोबांना आजच विचारून वहीत लिहून घ्या. सांगणारी माणसं गेली, की भिंती असूनही गाव हरवतं.