खडीची वाट आणि बर्फाचा नांगर

बर्फ म्हटला कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें सरबताचा पेला तरी येतो, नाहीं तर काश्मीरचें एखादें चित्र तरी येतें. पण आपल्यापैकीं ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेच्या उत्तर भागांत जाऊन राहिलीं आहेत, त्यांना बर्फाची निराळीच ओळख झालेली असते. जानेवारींत फोन करावा, तों पलीकडून उत्तर येतें, 'बाबा, वाट काढायची आहे, मग बोलूं.' ही वाट काढणें म्हणजे काय, त्यासाठीं कोणतें यंत्र वापरतात, आणि खडीच्या वाटेवर तें वापरतांना कोणतें पथ्य पाळावें लागतें, हें आज मी आपणांस सांगणार आहें. हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. व्हरमाँट राज्यांत मुलीच्या घरीं दोन हिवाळे काढले, तेव्हां पाहून शिकलों.

व्हरमाँट हें अमेरिकेच्या ईशान्येस, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेलें लहानसें डोंगराळ राज्य. तेथील बर्लिंग्टन शहरीं एका हिवाळ्यांत सरासरीनें ८० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. डोंगरांत त्याहून पुष्कळ अधिक. या राज्यांतील निम्म्याहून अधिक सार्वजनिक रस्ते आजहि डांबरी नाहींत, आणि गांवाबाहेरच्या घरांच्या खाजगी वाटाहि पुष्कळशा खडीच्याच. सार्वजनिक रस्त्यावरील बर्फ सरकारी यंत्रें काढतात. परंतु त्या रस्त्यापासून आपल्या दारापर्यंतची वाट ज्याची त्यानें मोकळी करावयाची असते. याच वाटेनें घर तापविण्याच्या तेलाची गाडी येते, आणि प्रसंग पडला तर रुग्णवाहिका व आगीचा बंबहि याच वाटेनें यावयाचा असतो.

आतां हें काम किती मोठें तें पाहा. वाट २०० फूट लांब आणि १० फूट रुंद धरूं. तीवर रात्रींतून ८ इंच बर्फ पडला, तर तो १,३०० घनफुटांहून अधिक भरतो. ताज्या, कोरड्या बर्फाचें वजन घनफुटास सुमारें ६ पौंड धरलें, तर एकंदर वजन ८,००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांच्या वर, आपल्या जुन्या मापानें जवळजवळ १०० मण होतें. बर्फ ओला असेल तर हाच आंकडा दुप्पट व्हावयास वेळ लागत नाहीं. हें सारें फावड्यानें उपसावयाचें, तेंहि कडाक्याच्या थंडींत! बर्फ उपसतांना हृदयविकाराचा झटका येऊन माणसें दगावतात, म्हणून तेथील डॉक्टर उतारवयाच्या लोकांना या कामापासून दूर राहण्यास वारंवार बजावीत असतात.

यावर उपाय म्हणून पुष्कळ लोक ए. टी. व्ही. नांवाच्या लहान गाडीला बर्फाचा नांगर जोडतात. ही गाडी म्हणजे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांचें अपत्यच म्हणाना! खोगिरासारखी बैठक, हातांत धरावयाचा दांडा, आणि कमी हवेचीं फुगीर चाकें. १९७० सालीं होंडा कंपनीनें अशी तीन चाकी गाडी अमेरिकेंत आणली. पुढें तीन चाकी गाड्या उलटून फार अपघात होऊं लागले, व १९८८ सालीं नव्या गाड्यांची विक्री तेथें थांबली. तोंवर चार चाकी गाडी आलीच होती. आज दिसते ती तीच.

इंग्रजींत या अवजाराला नांगरच म्हणतात. पण हें नांव फसवें आहे. आपला नांगर जमिनींत शिरण्यासाठीं असतो. याचें सारें पथ्य जमिनींत न शिरण्यांत आहे. शेत सपाट करणारी बैलांची केणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना याची कल्पना लवकर येईल. गाडीच्या पुढें पोलादी चौकट, आणि तिला चार ते पांच फूट रुंदीचें, पुढून अंतर्गोल असें पातें. तें डावीउजवीकडे तिरपें करतां येतें, म्हणजे बर्फ बाजूला घरंगळत जातो. पातें उचलण्यासाठीं विंच नांवाचा विजेवर चालणारा लहान रहाट असतो. पात्यामागें जाड स्प्रिंगा असतात. पातें दगडाला अडलें तर पुढें कलंडतें, दगडावरून सरकतें व पुन्हां उभें राहतें. आणि पात्याच्या दोन्ही टोकांस खुरासारखे लोखंडी पाय असतात. खडीच्या वाटेवर सर्वांत अधिक महत्त्व या खुरांना आहे.

पहिल्या वर्षीं आमच्या जावयांना हें ठाऊक नव्हतें. नोव्हेंबरांत पहिला बर्फ पडला. त्यांनीं खूर वर चढवून पातें जमिनीला टेकविलें, व तासाभरांत वाट अशी स्वच्छ केली कीं आम्हीं सर्वांनीं वाखाणणी केली. शेजारचे एक वृद्ध शेतकरी कुंपणाशीं येऊन उभे राहिले व एवढेंच म्हणाले, 'एप्रिलपर्यंत थांबा.' एप्रिलांत बर्फ वितळला तेव्हां त्या शब्दांचा अर्थ कळला. वाटेवरची खडी दोन्ही बाजूंच्या हिरवळीवर पसरली होती, आणि मधोमध माती उघडी पडली होती. मुलीला तेव्हां सातवा महिना होता. तिला दवाखान्यांत न्यावयाच्या दिवशीं गाडी दारापासून पन्नास पावलांवर चिखलांत रुतली, आणि त्याच शेजाऱ्यांनीं ट्रॅक्टर आणून ती ओढून काढेपर्यंत तीन तास गेले. सुदैवानें त्या दिवशीं घाई नव्हती. असती तर काय झालें असतें, हा विचार आम्हीं कोणीं बोलून दाखविला नाहीं.

चूक कोठें झाली? हवा गोठणबिंदूखालीं गेली तरी जमीन लगेच गोठत नाहीं; तिच्यांत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. अशा मऊ जमिनीवर खडी सैल असते, व पातें तिला बर्फाबरोबर लोटून नेतें. शिवाय पाणी वाहून जावें म्हणून चांगली वाट मध्यभागीं किंचित् उंच ठेवलेली असते. सरळ पातें नेमका तोच उंचवटा खरवडतें, आणि तो गेला कीं पाणी वाटेवरच मुरतें.

दुसऱ्या वर्षीं शेजाऱ्यांनीं सांगितलें तसें केलें. जमीन गोठण्यापूर्वींच वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवल्या. कारण बर्फाखालीं वाट कोठें संपते हें कोणालाच दिसत नाहीं. पहिला थोडा बर्फ काढलाच नाहीं. त्यावरून गाडी फिरवून तो दाबून बसविला. थंडी वाढली तसा त्याचा कठीण थर झाला आणि खडी त्याखालीं झांकून गेली. त्यानंतर खूर असे खालीं घेतले कीं पात्याची कड जमिनीपासून इंचभर वर राहावी. कांहीं लोक याच हेतूनें पात्याच्या कडेवर उभी चिरलेली नळी बसवितात. तिच्या गोलाईमुळें पातें खडींत रुतत नाहीं. वाटेवर इंचभर बर्फ राहतो खरा, पण तोच खडीचें पांघरूण होय.

लोटण्याचीहि रीत आहे. वादळ संपण्याची वाट न पाहतां दर तीन-चार इंचांना एक फेरी मारावी. गाडी खालच्या गिअरमध्यें, चालत्या माणसाच्या वेगानें न्यावी. फेरीच्या शेवटीं ढीग वाढला कीं पातें थोडें उचलावें. पहिल्याच वादळांत बर्फ वाटेपासून पुष्कळ दूर सारावा. कारण कडेचे ढीग दगडासारखे गोठतात, व पुढें बर्फ टाकावयास जागा न उरून वाट आक्रसत जाते. सार्वजनिक रस्त्यावर मात्र आपला बर्फ लोटूं नये. तेथील कायद्यानें तें मना आहे. गोठलेल्या ढिगावर चाक चढलें तर गाडी उलटते, म्हणून शिरस्त्राण घालावें, मागें कोणास बसवूं नये, मुलांना अंगणांत येऊं देऊं नये, आणि पात्याशीं हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करावें.

मार्चमध्यें वरची जमीन सुटते, खालची गोठलेलीच राहते, आणि मधलें पाणी कोठेंच जात नाहीं. व्हरमाँटचे लोक याला चिखलाचा ऋतु म्हणतात. तेव्हां उशिरां पडलेला थोडा बर्फ तसाच वितळूं द्यावा. पातें खालीं सोडण्याचा मोह आवरावा. त्या वसंतांत आमची सारी सांडलेली खडी दोन घमेल्यांत मावली, आणि मे महिन्यांत नात पाळण्यांतून उतरून त्याच वाटेवर पहिलीं पावलें टाकूं लागली.

तेव्हां श्रोतेहो, पुढच्या हिवाळ्यांत आपला मुलगा किंवा जावई 'वाट काढायची आहे' असें म्हणाला, तर त्याला अडवूं नका. फक्त एवढें विचारा कीं, 'जमीन गोठली का रे? आणि खूर खालीं घेतलेस का?'