ओझोन कोठून येतो?

पिंपळगाव बसवंत येथील एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एका मुलीने विचारले, "साहेब, ओझोन आपले रक्षण करतो, मग धुरातून निघतो तो वाईट कसा?" शिक्षकबंधुभगिनींनो, या प्रश्नातील पहिली अडचण सहज सुटते. रक्षण करणारा ओझोन मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. श्वासात व पानात शिरणारा जमिनीलगत. वायू तोच, जागा निराळी. दुसरी चूक मात्र मीही अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो, म्हणून हे टिपण.

ओझोन मोटारीच्या नळीतून बाहेर पडत नाही. तो हवेतच, उन्हात, घडतो. धुरातून निघतात ती नायट्रोजनची ऑक्साइडे व अर्धवट जळलेल्या इंधनाच्या वाफा. त्यांस कामास लावणारे मुकादम वेगळेच. त्यांस मुक्त मूलके म्हणतात. ज्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला आहे असा हा कण समोर येईल त्यावर तुटून पडतो. यांतील प्रमुख हायड्रॉक्सिल मूलक. त्याचे आयुष्य एका सेकंदाहूनही कमी.

भर दुपारी अतिनील किरण ओझोनचा रेणू फोडतात. सुटलेला चेतित ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेस भेटला की दोन हायड्रॉक्सिल निपजतात. सकाळचा मार्ग निराळा. वाहनांच्या धुरातून, तसेच नत्रखत दिलेल्या जमिनीतूनही, नायट्रस आम्लाची वाफ हवेत येते. रात्री साचलेली ही वाफ ऊन पडताच फुटते. सरपणाच्या धुरातील फॉर्मल्डिहाइडही असाच फुटून मूलके देतो. मूलकांनी इंधनाच्या वाफांवर हल्ला केला की पुढील साखळीत नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो; उन्हात त्याचा एक ऑक्सिजन अणू सुटतो, आणि तो हवेतील ऑक्सिजनला मिळून ओझोन बनतो.

म्हणूनच मुंबई-आग्रा महामार्गासारख्या वाहत्या रस्त्याच्या अगदी कडेला ओझोन बहुधा कमी आढळतो. ताजा नायट्रिक ऑक्साइड त्यास खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेने दूर असलेल्या बागेस त्याचा उपद्रव अधिक. कॅलिफोर्नियात १९५८ साली द्राक्षवेलींच्या जून पानांवरील बारीक तपकिरी ठिपक्यांचे कारण ओझोन असल्याचे दाखविण्यात आले. आपल्या मुलांस हे उदाहरण घरचेच वाटेल. मात्र आपल्या बागेतील प्रत्येक ठिपका ओझोनचा, असे सांगू नये. करप्यानेही पानांवर डाग पडतात, हे त्यांच्या वडिलांस आपल्याहून अधिक ठाऊक असते.

प्रयोगासाठी स्टार्चच्या खळीत थोडे पोटॅशियम आयोडाइड मिसळून गाळणकागदास लावावे व ओला कागद दिवसभर सावलीत टांगावा. ओझोनने त्यावर जांभळट छटा चढते. दमट हवेने व नायट्रोजन डायऑक्साइडनेही रंग बदलतो. तेव्हा त्यावरून आकडे काढू नयेत.